दोन डाव्या बाह्या

सतरा वर्षं तो वर्तमानपत्रात दर रविवारी सदर लिहीत होता. घरच्यांच्या गमती, शेजाऱ्यांच्या खोड्या. लोक चहा पिता पिता वाचायचे आणि हसायचे. त्या वर्षी उन्हाळा लागला तेव्हा त्याने थोरल्या भावावर लिहिलं.

दादा शिंपी होता. चाळीस वर्षं एकाच गल्लीत दुकान. त्याने एका वकिलाच्या कोटाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. वकील आरशापुढे उभा राहिला, उजवा हात भलत्याच दिशेला वळलेला बघून म्हणाला, "आता कोर्टात मी एकाच बाजूने बोलणार असं दिसतंय." हा किस्सा दादानेच जेवताना सांगितला होता, ठसका लागेपर्यंत हसत. धाकट्याने तो मीठमसाला लावून छापला. नाव कुठे घातलं नव्हतं, पण गल्लीला नावाची गरज नव्हती.

दोन महिन्यांनी वहिनी त्याच्या दारात उभी राहिली. पाणीसुद्धा घेतलं नाही.

"भाऊजी, मी भांडायला आले नाही," ती म्हणाली. "दुकान बंद केलं. ते तुम्हाला बाहेरून कळू नये, म्हणून आले."

"बंद? का?"

"डोळे गेलेत त्यांचे. पूर्ण नाही, पण मधलं काही दिसत नाही. डॉक्टरांनी वर्षापूर्वीच सांगितलं होतं. ते अंदाजाने शिवत होते, मी रात्री शिवण तपासत होते. चाललं होतं कसंबसं. तुमचं ते छापून आलं आणि लोक येऊन कापड परत न्यायला लागले. हसत हसत न्यायचे, तेच जास्त लागलं त्यांना."

"मला माहीत नव्हतं, वहिनी."

"तुम्ही विचारलंत कधी?"

त्या आठवड्यात तो लिहायला बसला आणि उठला. दुसऱ्या दिवशीही तेच. शेवटी त्याने संपादकबाईंना फोन करून उन्हाळा संपेपर्यंत सुट्टी मागितली. काय करणार, असं त्यांनी विचारलं. "बागकाम," तो म्हणाला, "आणि जमलं तर काही हातकाम."

"छान. ताजेतवाने होऊन या," बाई म्हणाल्या.

बाग दादाची होती, घरामागे, चार वाफ्यांची. ऊन अजून कडक होतं, पण संध्याकाळी वारा सुटायला लागला होता. टोमॅटोची खालची पानं पिवळी झाली होती, घेवड्यावर मावा पडला होता. पहिल्या दिवशी तो खुरपी घेऊन वाफ्यात उतरला तेव्हा दादा म्हणाला, "गवत मुळापासून काढ. वरवर काढलंस तर चार दिवसांत पुन्हा वर." बाकी काही नाही. माफी मागायची म्हणून तो तीन वाक्यं जुळवून आला होता. ती तशीच ठेवून तो गवत उपटायला लागला.

दुपारी दोघं ओसरीवर बसून खुर्च्या विणायचे. दुकान बंद झाल्यावर दादाने हे काम धरलं होतं. लोकांच्या जुन्या खुर्च्यांच्या फाटक्या बैठका काढायच्या, वेताच्या पट्ट्या पाण्यात भिजवून मऊ करायच्या आणि भोकाभोकांतून ओढून नवी जाळी विणायची. "यात डोळ्यांचं काम कमी, बोटांचं जास्त," दादा म्हणायचा. त्याची बोटं भोक चाचपून पट्टी बरोबर आत घालायची. धाकट्याला दोन डोळे असून त्याची वीण तिरकी जायची. दादा तळवा फिरवून चूक शोधायचा आणि निमूटपणे उसवायचा.

तिसऱ्या आठवड्यात धाकट्याची एक अख्खी बैठक सरळ आली. दादाने तिच्यावरून हात फिरवला, पुन्हा फिरवला. "बरी आहे," तो म्हणाला, आणि किंचित हसला. धाकट्याला छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. भिजल्या वेताचा वास, पाण्याची बादली, पट्टी तोंडात धरून बसलेला दादा. हे सगळं त्याच्या मनात आपोआप ओळीत बसत होतं. पहिलं वाक्य तर तयारच होतं.

"हे लिहिणार असशील आता," दादा म्हणाला. आवाजात राग नव्हता.

"नाही."

"आंधळा शिंपी खुर्च्या विणतो. लोकांना आवडेल. डोळ्यांत पाणीही येईल त्यांच्या."

"दादा, खरंच नाही. त्या वेळी चुकलं माझं. मला विचारायला हवं होतं."

दादा पट्टी ओढत राहिला. "तू लबाड नाहीस," तो म्हणाला. "ते दोन बाह्यांचं मी तुला हसत सांगितलं, कारण रडत सांगायचं नव्हतं. तेवढं तुला कळेल असं वाटलं होतं."

धाकट्याने पुढची पट्टी पाण्यातून काढली आणि दादाच्या हातात दिली.

सुट्टी संपली. त्याने पुन्हा सदर सुरू केलं, पण त्यात माणसं येईनात. भाज्या आल्या, हवा आली, बसच्या रांगा आल्या. संपादकबाई दोनदा म्हणाल्या, पूर्वीची मजा नाही. तिसऱ्यांदा त्यांनी जागा निम्मी केली.

रविवारी मात्र तो दादाकडे न चुकता जायचा. एकदा जरा लवकर पोचला. ओसरीवरून आतल्या खोलीतला दादाचा आवाज ऐकू आला. कुणा गिऱ्हाइकाची नक्कल करत तो वहिनीला काहीतरी सांगत होता. वहिनी हसून हसून "पुरे हो, पुरे" म्हणत होती. कितीतरी दिवसांनी तो आवाज ऐकून धाकटाही बाहेर उभ्या उभ्या हसला आणि आत गेला.

"कोण, तू का?" दादा म्हणाला. वहिनीने पदराने डोळे पुसले.

"काय झालं? मलाही सांग की."

"काही नाही रे," दादा म्हणाला. "असंच. टोमॅटोला पाणी घालायचं राहिलंय, तेवढं घालतोस का?"

तो झारी घेऊन मागे गेला.