जप्तीचे कपाट

मित्रांनो, शाळेच्या व्हरांड्यात, पाण्याच्या टाकीजवळ जे राखाडी लोखंडी कपाट उभे आहे ना, ते मी. माझ्या अंगाचे पोपडे निघाले आहेत आणि दार उघडताना मी कुरकुरते. माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. इतकी वर्षे मुख्याध्यापकांच्या खोलीत काढल्यावर दुसरे काय होणार?

संशयाची सुरुवात जन्मापासूनच झाली. पत्र्याचे काम करणाऱ्या एका कारागिराने मला घडवले. हात चांगला होता त्याचा, पण पाठीचा पत्रा बोटभर आखूड पडला. सर्वांत खालच्या कप्प्याच्या मागे फट राहिली आणि तिच्याखाली माझी पोकळ बैठक. त्याने इकडेतिकडे पाहिले, फटीभोवती रंगाचा जाड हात मारला आणि म्हणाला, "भिंतीला टेकवल्यावर कोण बघतंय?" मी ते ऐकले. तेव्हापासून चकचकीत रंग दिसला की मला आधी शंका येते.

मी सरकारी शाळेत आले. तेव्हाचे मुख्याध्यापक, त्यांना सगळे मोठे सर म्हणत, मनाने वाईट नव्हते. सगळी मुले सारखी दिसली तर भांडणे होणार नाहीत, असे त्यांना मनापासून वाटे. म्हणून त्यांनी नियम केला : गणवेशाखेरीज अंगावर काहीही नको. मग माझ्या कप्प्यांत रुमाल येऊ लागले, टोप्या, मनगटाचे दोरे, गळ्यातली पदके. प्रत्येक वस्तूचे कागदी पाकीट करून त्यावर मुलाचे नाव लिहायचे. वर्षाच्या शेवटी पालकांनी येऊन न्यायचे.

तपासणीला आलेल्या एका साहेबांनी माझ्यावर हात ठेवून "याला म्हणतात शिस्त" असे म्हटले होते. मला तेव्हा अभिमान वाटला, ते मी लपवत नाही. पण वर्ष संपले तरी पाकिटे न्यायला फारसे कोणी येईना. लोकांना पर्वा नाही, असे मी समजत होते. एकदा खिडकीतून फाटकापाशी एक वडील दिसले. ते आत येता येता थांबले आणि बायकोला म्हणाले, "नाव सांगितलं की आडनाव विचारतील. मग बाकीचं विचारतील. राहू दे, चल." ते निघून गेले. त्यांच्या मुलाचा दोरा माझ्यातच राहिला.

मोठे सर निवृत्त झाले आणि नव्या बाई आल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी माझे दार उघडून आत पाहिले, बंद केले आणि पुन्हा उघडून पाहिले. मला काही त्या बऱ्या वाटल्या नाहीत. एवढे काय बघायचे?

त्याच महिन्यात सहावीतल्या एका मुलीची माळ माझ्यात आली. सतत इकडून तिकडे पळत असल्यामुळे तिला सगळे भिंगरी म्हणत. माळ साध्या लाकडी मण्यांची होती. आजीने जाताना तिच्या गळ्यात घातलेली. कवायतीच्या सरांनी ती काढून घेतली. घंटा झाली होती, मैदानावर मुले उभी होती. त्यांनी पाकीट केले नाही, वहीत नोंदही केली नाही. खालच्या कप्प्यात माळ टाकली आणि दार ढकलले. माळ घरंगळत मागे गेली आणि फटीतून माझ्या बैठकीत पडली. मला सगळे कळत होते, पण कपाटाला तोंड कुठे असते?

चार दिवसांनी भिंगरीची आई आली. ती दवाखान्याच्या धुलाईखान्यात कामाला होती. हात पाण्याने सुरकुतलेले. आजीला जाऊन परवा वर्ष होतेय, त्या दिवशी घरचे सगळे ती माळ हातात घेऊन प्रार्थना करणार आहेत, एवढे तिने सांगितले. कप्पे उपसले गेले. माळ सापडली नाही.

त्यानंतर संशयाने शाळेत घरच केले. आईला वाटले, मुद्दाम फेकून दिली. कवायतीचे सर म्हणू लागले की पोरीनेच गुपचूप नेली असेल. शिक्षकांच्या खोलीत हळूहळू तिसरेच नाव निघाले. माझी दुसरी चावी शिपाईकाकांकडे होती, आणि काकांच्या घरची प्रार्थना वेगळी होती. "तसं नाही हो, पण त्यांना त्या माळेचं काय पडलंय?" असे कोणीतरी चहा पिता पिता म्हणाले. बावीस वर्षे घंटा वाजवणारा माणूस आत आला की बोलणे थांबू लागले. एक दिवस त्यांनी चावी बाईंच्या टेबलावर ठेवली.

"बाई, चावी माझ्याकडे म्हणून चोर मी. की दुसऱ्या कशामुळे?"

बाईंनी चावी उचलून टेबलाच्या खणात ठेवली. मला वाटले, यांनाही तेच वाटत असणार. आजीचा दिवस माळेशिवाय गेला. भिंगरी शाळेत यायची बंद झाली.

मग एका सकाळी बाईंनी ठरवले की जप्त केलेली सगळी पाकिटे ज्याची त्याला परत द्यायची आणि मला त्यांच्या खोलीतून बाहेर काढायचे. रिकामे करून चौघांनी मला तिरके केले. शिपाईकाकांच्या हातात माझी खालची बाजू होती. ते थांबले. "आत काहीतरी वाजतंय," ते म्हणाले.

पत्रा कापायला माणूस आला. मला दुखले, पण इतके हलकेही कधी वाटले नव्हते. बैठकीतून माळ निघाली. तिच्यासोबत तीन दोरे, एक पदक आणि घडी घातलेली एक छोटी टोपी निघाली. टोपीचा मालक एव्हाना बाप झाला असेल. कवायतीच्या सरांचा चेहरा पडला. सगळ्यांसमोर ते काकांकडे वळले. "मीच टाकली होती. पाकीट न करता. माझं चुकलं, काका." काकांनी फक्त टोपी उचलून तिच्यावरची धूळ झटकली.

माळ घेऊन बाई स्वतः भिंगरीच्या घरी गेल्या आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी जुना नियम रद्द केला. इथे गोष्ट संपेल असे तुम्हाला वाटेल. पण बाईंनी उत्साहाने घरोघरी एक कागद पाठवला : तुमच्या घरी काय पाळतात, मूल काय खात नाही, कोणत्या दिवशी येणार नाही, ते लिहून द्या. हेतू चांगला होता. कागद मात्र कोरे परत आले. बरेचसे आलेच नाहीत.

पालकांच्या बैठकीत भिंगरीची आई उभी राहिली. "आधी माळ काढून घेतली. आता कोण काय मानतं त्याची यादी करताय. बाई, तुम्ही भल्या असाल. पण ही यादी उद्या कोणाच्या हातात जाईल?"

मागून एक वडील म्हणाले, "आणि आज माळ चालली, उद्या आमच्या पोरांना घालायला लावाल."

बाईंनी आलेले कागद सर्वांसमोर फाडले. "यादी नको. घालायची सक्ती नाही आणि काढायचीही नाही. परीक्षेची तारीख पक्की करायच्या आधी आठ दिवस फळ्यावर लिहू. ज्याला अडचण असेल त्याने नुसतं 'अडचण आहे' म्हणायचं. कारण कोणी विचारणार नाही."

टाळ्या वाजल्या नाहीत. लोक एकमेकांकडे बघत घरी गेले. पण पुढच्या परीक्षेच्या वेळी फळ्यावरची तारीख दोनदा पुसली गेली, आणि खरोखर कोणी कारण विचारले नाही. त्या दिवशी मला बाईंचा किंचित भरवसा वाटला. किंचितच.

आता माझ्या तळाला नवा पत्रा आहे. बाईंनी काकांना चावी परत देऊ केली, तेव्हा ते म्हणाले, "कुलूपच नको." म्हणून मला कुलूप नाही. खेळाच्या तासाला ज्याला जे सांभाळायला ठेवायचे ते तो माझ्यात ठेवतो आणि स्वतःच्या हाताने परत नेतो. भिंगरी शाळेत येते. पहिल्यांदा माझ्यासमोर उभी राहिली, तेव्हा तिने प्रत्येक कप्प्याच्या कोपऱ्याकोपऱ्यातून हात फिरवला, वाकून खालीही पाहिले. मग फक्त पाण्याची बाटली ठेवली. पुढच्या आठवड्यात स्वेटर ठेवला. बाकीचे ती अजून ठेवत नाही. मी तिला दोष कसा देऊ?

मित्रांनो, एक विनंती करते. कोणाच्या अंगावर, डब्यात किंवा ओठांवर तुमच्यापेक्षा वेगळे काही दिसले, तर ते काढायला हात पुढे करू नका. आणि एकदा कोणाचे काही काढून घेतले असेल, तर परत दिल्या दिवसापासून त्याने तुमच्यावर विश्वास ठेवावा अशी अपेक्षाही करू नका. त्याला हवे तितके दिवस तपासू द्या. तोवर दार उघडे ठेवून उभे राहा. मीही तेच करते आहे.