दसऱ्याचं तेल

रंजिताने उजव्या हातातला चामडी मोजा काढला आणि ऑक्सिजनच्या सिलिंडरला बसवायच्या रेग्युलेटरच्या आट्यांवरून करंगळी फिरवली. ही तिची जुनी खोड. जगदीश, तिचा नवरा, होता तेव्हा चिडवायचा, नटात उवा शोधतेस काय म्हणून. उवा कधी सापडल्या नव्हत्या. धूळ, गवताची काडी, फार तर एखादी मुंगी. आज मात्र करंगळी सुळकन घसरली.

तिने बोट नाकाशी नेलं. खोबरेल तेल.

तोवर हनुमान सिलिंडरची चावी हातात घेऊन वाकला होता.

"चावी सोड," ती म्हणाली. "मागं हो."

तिचा आवाज चढला नव्हता, तरी हनुमान चटकन मागे सरला. जगदीशच्या वेळेपासून तो त्यांच्या लोखंड कापायच्या शेडवर मदतनीस होता. वयाने मोठा, बोलायला कमी, आणि सांगितलेलं लगेच ऐकणारा. त्याने रंजिताच्या तोंडाकडे पाहिलं आणि चावी गवतावर ठेवली.

सिद्धगडाच्या पायथ्याच्या या गावात बंधाऱ्याचं लोखंडी दार अर्धवट उतरून अडकलं होतं. पाणी मागे तुंबून कापणीला आलेल्या भातात शिरलं होतं. दाराला चौकटीत धरून ठेवणारी मनगटाएवढी खीळ गंजून चौकटीशी एकजीव झाली होती. साधा गॅसकटर लावून पाहिला, पण खिळीचा निम्मा भाग पाण्यात, ती तापायलाच तयार नाही. म्हणून रंजिताला बोलावणं आलं. तिच्याकडच्या टॉर्चमध्ये पोकळ पोलादी कांडी बसवायची असते, आत बारीक तारा भरलेली. ऑक्सिजन सोडून बॅटरीच्या ठिणगीने चेतवली की कांडी स्वतः जळत जाते आणि गंज, चिखल, पाणी कशालाही न जुमानता लोखंड कापते. जगदीश तिला फुलबाजी म्हणायचा.

बोलावणं येण्यात सासूबाईंचा वाटा मोठा होता. सावळीबाईंचं हे माहेर. आपली सून लोखंड कापते हे त्यांनी भावाला, कोंडूला, इतक्यांदा ऐकवलं होतं की त्याला दुसऱ्या कुणाकडे जायची सोयच उरली नव्हती. आज त्या स्वतः टेम्पोत पुढे बसून आल्या होत्या. रंजिताने कामाच्या जागेभोवती दोरी बांधली होती; तिच्या आत कुणी यायचं नाही असं त्या आल्यागेल्याला दटावत होत्या, आणि स्वतःचे पाय मात्र दोरीखालून आत पसरून ऐनाच्या झाडाच्या सावलीत बसल्या होत्या.

रंजिता अजून बोट नाकाशी धरून उभी होती. ट्रेनिंगला पहिल्याच दिवशी शिकवलेली ही गोष्ट. ऑक्सिजनला तेल चालत नाही. एरवी तेलाचा थेंब निरुपद्रवी, पण सिलिंडरमधला ऑक्सिजन जोराने त्यावर आदळला की तो आपोआप पेट घेतो. काडी लागत नाही, ठिणगी लागत नाही. नुसता व्हॉल्व्ह उघडायचा, आणि रेग्युलेटर तोंडासमोर फुटतो. तिने अडवलं नसतं तर चहा गाळण्याआधीच तो व्हॉल्व्ह उघडला असता. ती टेम्पोच्या फळीवर बसली.

पहिला संशय हनुमानवरच आला. हात पुसल्याशिवाय सामानाला शिवलास का, असं तिने विचारलं, आणि ते विचारणं चांगलंच कडू होतं. हनुमानने दोन्ही पंजे उघडून तिच्यापुढे धरले. कोरडे, भेगाळलेले.

"मी नाय लावला, वैनी," तो म्हणाला. "टॉर्च नि पायपाची पेटी तर तुमच्याच कुलपात होती. हा भाईर खिळ्याला टांगलेला. दसऱ्याला पूजेत मांडला होता तसाच आनला."

रंजिताने रेग्युलेटर उन्हात फिरवला. आट्यांच्या तळाशी तांबडी रेघ होती. गंज असेल म्हणून तिने नख लावलं. ते कुंकू होतं.

तिने सासूबाईंकडे पाहिलं. त्या भावजयीला काहीतरी रंगवून सांगत होत्या. रंजिता उठून दोरीपाशी गेली आणि त्यांच्यासमोर उकिडवी बसली.

"आई, दसऱ्याला शेडमधल्या हत्यारांना तेल कोनी लावला?"

सावळीबाई खुलल्या. माहेरच्या माणसांसमोर सुनेने आपल्याला काही विचारावं, याहून त्यांना काय हवं होतं?

"मीच. कोयत्याला, विळ्याला, समद्यांना. तुज्या त्या पितळी नटाला पन लावला जरासा. रोज किती जोर करतेस, बगते ना मी." मग त्या थोड्या पुढे झुकल्या, आणि त्यांचा आवाज मऊ झाला. "जगदीशला पन असाच लावून दिलावता. त्याला सांगितला नाय. त्याला पूजा म्हनजे फुकट टाइम."

रंजिताला त्यांचे ओठ हलताना दिसत राहिले. पुढचं काही ऐकू आलं नाही.

शेड बांधली त्या वर्षीचा तो पहिला दसरा. दसऱ्यानंतरचं पहिलंच काम आसनगावला, एका जुन्या टाकीचा सांगाडा कापायचं. रंजिता त्या दिवशी सोबत नव्हती. जगदीशने रेग्युलेटर बसवला, व्हॉल्व्ह उघडला, आणि संपलं. सामान देणारा म्हणाला, यांनीच घाईने उघडला असणार. लोक म्हणाले, मालच खोटा होता. फुटलेल्या पितळेच्या तुकड्यांवरून कुणालाच काही सांगता आलं नाही. पुढच्या दसऱ्याला घरात दुःखाचं वर्ष, म्हणून सण नव्हता, पूजा नव्हती. रंजिताने नवा रेग्युलेटर आणला, काम सुरू केलं, आणि काही झालं नाही. यंदा पुन्हा पूजा झाली. हे यंदाच्या दसऱ्यानंतरचं पहिलं काम.

दोन वर्षं ती स्वतःलाच विचारत होती की त्या सकाळी त्याने घाई का केली. त्याने घाई केलीच नव्हती.

तिला त्या म्हातारीचा असा संताप आला की खांदे धरून गदागदा हलवावं, आणि त्याच दमात असा कळवळा आला की त्यांचं तोंड हाताने झाकावं, हे वाक्य पुन्हा कुणासमोर बोलू नये म्हणून. दोन्ही एकदम आल्यामुळे तिच्याने काहीच झालं नाही. सावळीबाईंनी विचारलं, काय गो, ऊन लागला काय. तिने मान हलवली आणि उठली.

कोंडूमामा जवळ आला. काम होणार की नाही, गावातली माणसं खोळंबलीत, असं त्याने जरा अवघडून विचारलं. पहिल्या रेग्युलेटरला काय झालं, तेही विचारलं. रंजिताने सांगितलं की वायसर गेलाय, दुसरा आहे, वेळ लागेल. खोटं बोलताना आपला आवाज इतका सरळ निघेल असं तिला वाटलं नव्हतं.

तिने साबणाने हात कोपरापर्यंत धुतले, पुसले, पुन्हा धुतले. दोन्ही मोजे टाकून दिले आणि कोरी जोडी काढली. घरून आणलेल्या सिलिंडरवर खडूने फुली मारून तो दूर उभा केला. पूजेत तोही होता. मुरबाडच्या डेपोतून सकाळी उचललेला दुसरा सिलिंडर हनुमानने कठड्याच्या खांबाला साखळीने उभा बांधला. कुलपातल्या पेटीतून तिने पिशवीत सीलबंद ठेवलेला जादा रेग्युलेटर काढला. त्याचे आटे, सिलिंडरचं तोंड, पायपाची टोकं, सगळं पांढऱ्या फडक्याने पुसून पाहिलं. फडकं पांढरंच राहिलं. तरी तिने ते नाकाशी नेलं.

रेग्युलेटर बसला. ती त्याच्या समोरून बाजूला झाली, हनुमानला पाठीमागे घेतलं, आणि चावी इतकी हळू फिरवली की काटा उठतोय की नाही तेच कळेना. जगदीशही असाच बाजूला उभा राहिला असेल. तरीही. काटा चढला, थांबला. सांध्यांवर साबणाचं पाणी टाकून पाहिलं, कुठे बुडबुडा नाही. बांधावरचं वाळलं गवत आधीच कापून भिजवलं होतं, वाळू आणि पाण्याच्या बादल्या हाताशी होत्या, दार चेनब्लॉकला, म्हणजे साखळीच्या कप्पीला, टांगून धरलं होतं म्हणजे खीळ तुटल्यावर ते अंगावर येणार नाही. खीळ भरीव आहे ना, आत पोकळी नाही ना, हे तिने ठोकून पाहिलं. मग ती सासूबाईंकडे वळली आणि पाय दोरीच्या बाहेर घ्यायला सांगितलं. त्यांनी निमूट घेतले.

कोरड्या फळीवर उभं राहून तिने काळी काच डोळ्यांवर ओढली. आधी ऑक्सिजन, मग कांडीचं टोक बॅटरीच्या पट्टीला. पांढरा जाळ फुटला तसा बांधावरच्या बायकांनी पदर डोळ्यांवर घेतले. ठिणग्यांचा लोट पाण्यात पडून सूं सूं करत विझत होता. कांडी वीतभर उरली की ती लोखंडापासून उचलायची, ऑक्सिजन बंद करायचा, दुसरी बसवायची. मुठीपर्यंत जळू द्यायचा लोभ करायचा नाही, हे जगदीशनेच तिला शिकवलं होतं. काचेआड डोळे वाहत होते. काचेआड रडणं सोयीचं असतं, कुणी विचारत नाही.

खीळ तुटली. चेनब्लॉकने दार करकरत वर ओढलं आणि तुंबलेलं पाणी ओढ्यात धावलं. माणसं दोरी ओलांडायला निघाली, तर लोखंड अजून लालबुंद आहे म्हणून हनुमानने त्यांना अडवलं. कोंडूमामाने बहिणीला सगळ्यांसमोर म्हटलं की तुझी सून खरंच वाघीण आहे. सावळीबाई हसल्या, पण त्यांचं लक्ष दुसरीकडे होतं. खडूची फुली मारलेल्या सिलिंडरकडे त्या पाहत होत्या, आणि टाकून दिलेल्या मोज्यांकडे.

परतीच्या वाटेवर टोकावडं येईपर्यंत रंजिताने मनाशी पक्कं केलं की हे गुपित आपल्याबरोबरच जाईल. पुढल्या दसऱ्याचं काय ते नीट समजावून सांगायचं. तेवढं सांगणं भाग होतं, पण त्याच्या पलीकडे एक अक्षर नाही.

दिवेलागणीला ती न्हाऊन ओटीवर बसली. कामाच्या दिवशी केसांत लोखंडाची राख जाते, म्हणून धुतलेल्या केसांना सासूबाई तेल घालायच्या. जगदीश गेला त्या वर्षापासूनचा हा परिपाठ. दोघींनी तो कधी ठरवला नव्हता. सावळीबाई बाटली घेऊन तिच्या पाठीमागे पायरीवर बसल्या. रंजिताने केस मोकळे सोडले. पाठमोरं बोलणं सोपं जाईल असं तिला वाटलं.

"आई, पुढल्या दसऱ्यापासून शेडमधल्या सामानाला नुसता फूल नि अक्षता. तेल नको."

"का गो?"

"नियम आहे. ऑक्सिजनच्या सामानाला तेल चालत नाय."

पाठीमागे बाटलीचं झाकण फिरल्याचा आवाज झाला. शेजारच्या अंगणात कुणीतरी कोंबड्या झाकत होतं.

"हा नियम आता नवीन काढला?"

"नाय, पयल्यापासूनच आहे," रंजिता म्हणून गेली.

दिवसभर सांभाळलेलं एका सरळ उत्तरात सांडलं होतं. तिला मागे वळून बघायचा धीर होईना. झाकणाचा आवाज थांबला होता. मग बाटली पायरीवर ठेवली गेली, अगदी हळू, भरल्या पाळण्याजवळ ठेवावी तशी.

कोंबड्या झाकून झाल्या. अंधार पडला. रंजिताला पाठीमागचा श्वास ऐकू येत होता, आणि मध्येच तो ऐकू येईनासा झाला की ती स्वतःचाही धरून ठेवत होती.

"त्याला कळला असंल का गो?" सावळीबाईंनी विचारलं.



"नाय, आई," रंजिता म्हणाली. "त्याला तेवढा वेळच नाय मिळाला."

बऱ्याच वेळाने डोक्यावर हात आला. मुळांपासून टोकांपर्यंत तो केसांवरून फिरला, पुन्हा वर गेला, पुन्हा फिरला, नेहमीसारखाच. रंजिता हलली नाही. हात कोरडा होता.