बाजरी खाईना

लातूरच्या क्लासच्या गल्लीत कोंडाबाईची मेस होती. वर मुलींच्या खोल्या, खाली दोन वेळचं जेवण. डॉक्टर व्हायला गावोगावहून आलेल्या बावीस मुली तिथं जेवत. एखादीनं ताटात अर्धी भाकर ठेवली, तरी कोंडाबाई कमरेवर हात ठेवून समोर उभी राही. "काय झालं? पेपर वाईट गेला का कालवण बिघडलं?"

डिसेंबरात नांदेडच्या देविकाला कावीळ झाली. तिचे वडील माधवराव न्यायला आले. निघताना देविकानं कपाटामागून एक काचेची पेटी काढली आणि ती रडायलाच लागली. पेटीत बोटाएवढी पाल होती. पिवळी, अंगभर काळे ठिपके. हैदराबादच्या मावसभावानं वाढदिवसाला दिलेली, परदेशी जातीची. तिचं नाव देविकानं बाजरी ठेवलं होतं.

"ही घरी नेली तर तुझी आई मलाच बाहेर काढील," माधवराव म्हणाले.

"मावशी, आणल्यापासून आठ दिवस झाले, तिनं काहीच खाल्लं नाही हो," देविका म्हणाली.

कोंडाबाई म्हणजे पाल दिसली की झाडू शोधणारी बाई. पण 'खाल्लं नाही' हे शब्द कानावर पडले आणि तिनं पेटी हातात घेतली. "जा तू बिनघोर. माझ्या घरनं आजवर कुणी उपाशी गेलं न्हाई. ही बी जाणार न्हाई."

पहिल्या दिवशी तिनं भाकरीचा चुरा घातला, शिजला भात घातला, दुधाचा थेंब ठेवला. बाजरी ढिम्म. दुसऱ्या दिवशी मेलेल्या माश्या घातल्या. तिकडंही बघेना. पोरी क्लासवरून आल्या की पेटीभोवती गराडा घालत, काचेवर टिचक्या मारत. तिसऱ्या दिवशी दुपारी कोंडाबाईचा धीर सुटला. तिनं डाव्या हातानं बाजरीला धरलं आणि उजव्या हातातल्या चिमट्यानं माशी तिच्या तोंडाशी नेली. बाजरीनं हिसका दिला आणि ती निसटली. कोंडाबाईच्या मुठीत वळवळत राहिली ती नुसती शेपटी.

बाजरी पेटीच्या कोपऱ्यात जाऊन दडली. कोंडाबाईनं पेटी झाकली आणि नांदेडला फोन लावला. तिला लपवालपवी जमत नसे.

"पोरी, माझ्या हातनं चूक झाली. तिची शेपटी तुटली."

पलीकडून देविकाचा बारीक आवाज आला. "जिवंत आहे ना?"

"हाय."

"मग डॉक्टरांना दाखवा, मावशी. आजच."

जनावरांचे डॉक्टर वीरभद्र दिवसभर म्हशी आणि बैल बघणारे. पण त्यांनी पेटी टेबलावर घेऊन नीट पाहिलं. काचेला हात लावला आणि म्हणाले, "शेपटी परत येईल. पण हिची सगळी चरबी शेपटीतच साठलेली असते. म्हणजे शिदोरीच गेली. आता लवकर खायला पाहिजे."

"खाईना तर काय करू?"

"काच बर्फासारखी गार आहे. गारठलेल्या या जिवाला भूक लागत नाही. पेटीच्या एका बाजूला खालून ऊब द्या. लपायला जागा द्या. आणि खाणं हलणारं पाहिजे, जिवंत. तिच्या दोन डोळ्यांत जेवढं अंतर आहे तेवढंच मोठं. फवारणीच्या शेतातलं नको. आणि तीन दिवस हात लावू नका. समोर बसून बघतसुद्धा राहू नका."

परतताना ऑटोत पेटी मांडीवर घेऊन बसलेल्या कोंडाबाईला छावणीतलं पत्र्याचं शेड आठवलं. भूकंपात औशाकडचं तिचं घर पडलं, नवरा गेला. त्यानंतर चार दिवस ती अन्नाला शिवली नव्हती. कुठून कुठून माणसं यायची, घास तोंडाशी धरून 'खा बाई, खा' म्हणायची, आणि ती तोंड फिरवायची. पाचव्या दिवशी निलंग्याकडची रत्नम्मा नावाची एक म्हातारी आली. तिनं ताट शेजारी ठेवलं आणि पाठ फिरवून शेंगा फोडत बसली. तेव्हा कुठं कोंडाबाईचा हात ताटात गेला होता. हे अंगावरून गेलेलं असताना आपण या एवढ्याशा जिवाला चिमट्यानं भरवायला गेलो! तिची तिलाच लाज वाटली.

मग मात्र ती कामाला लागली. पेटीखाली एका टोकाला फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी; ती निवली की बदलायची. आत फुटक्या कुंडीचा तुकडा पालथा घातला. वरून जुनी ओढणी टाकली, आणि मुलींना तंबी दिली, "जी कुणी ओढणी उचलील, तिला आठवडाभर भोपळा."

राहिलं खाणं. ती नागप्पाच्या गिरणीवर गेली.

"नागप्पा, किडलेलं पीठ हाय का?"

नागप्पाचा चेहरा उतरला. "वीस वर्षांत माझ्या गिरणीत कधी किडा निघालाय का, कोंडाबाई?"

"किती निघाले ते मला इचारू नका. मला अळ्याच पायजेत. जित्या."

नागप्पानं इकडंतिकडं पाहिलं आणि मागच्या कोपऱ्यातलं कोंड्याचं पोतं ओढून आणलं. "कुणाला सांगू नका म्हणजे झालं."

घरी येऊन तिनं कोंडा चाळला. जन्मभर अळ्या फेकून पीठ ठेवलं होतं. आज कोंडा बाजूला सारला आणि अळ्या वाटीत जपून ठेवल्या.

तीन दिवस तिनं कळ काढली. चौथ्या दिवशी दिवेलागणीला बाटलीच्या झाकणात सात अळ्या ठेवल्या, ओढणी अर्धी सारली आणि पाठ करून मेथी निवडायला बसली. जुडी संपली तेव्हा वळून पाहिलं. अळ्या सातच्या सात. पाचव्या दिवशीही सात. "आसू दे," ती स्वतःशीच म्हणाली आणि पिशवीत पुन्हा गरम पाणी भरलं.

सहाव्या दिवशी मागं बारीकसं काहीतरी खुट्ट वाजलं. तिनं मान वळवली नाही. मेथीची काडी न् काडी निवडून झाल्यावरच ती उठली. झाकणात तीन अळ्या होत्या. बाजरी कुंडीच्या तुकड्याबाहेर डोकं काढून जिभेनं तोंड पुसत होती.

"खाल्लं गं!" कोंडाबाई एवढ्यानं ओरडली, की वरच्या पोरी पुस्तकं टाकून जिन्यावर आल्या. तिनं त्यांना तिथूनच परत पिटाळलं आणि नांदेडला फोन लावला. चार अळ्या, असं तिनं तीनदा सांगितलं.

देविका फेब्रुवारीत परत आली. बाजरीला नवी शेपटी फुटली होती, आखूड आणि मुळ्यासारखी जाड. देविका गुडघ्यावर बसून काचेला नाक लावून बघत राहिली.

"मावशी, ही ओळखूच येत नाही."

"येईल वळखू," कोंडाबाई अळ्यांची वाटी घेऊन मागं उभी होती. "आता सरक तिथून. तिची जेवायची येळ झाली."