खंडेनवमीचा पेला

आमच्या घरात बाटली म्हणजे फिनेलची, नाहीतर खोबरेल तेलाची. त्याखेरीज बाटल्या आल्या त्या मयूरीच्या बॅगेतून, आणि एक नव्हे, चांगल्या सहा. बोटभर उंचीच्या, वर आकडे लिहिलेल्या, आणि त्याही ऐन नवरात्रात.

मयूरी माझी मुलगी. फूड टेक्नॉलॉजी शिकली, पुढे स्कॉटलंडला गेली, आणि आता तिथल्या एका कंपनीत व्हिस्की चाखून निवडते. लाकडी पिंपांत वर्षानुवर्षं मुरलेली व्हिस्की. त्यातलं कुठलं पीप सणासुदीला वेगळं बाटल्यांत भरायचं, ते हिचं नाक ठरवतं. लोणखेड्यात मात्र ती 'अत्तराच्या कंपनीत' आहे. ही थाप ह्यांच्या डोक्यातली, पण मारायचं काम माझ्याकडे. ह्यांना खोटं बोलता येत नाही ना! गावात हेमकांत बापूंचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. मग घरातलं खोटं कोणी बोलायचं? मोहिनीने.

ह्यांचं दारूशी हाडवैर. आमच्या मुलाच्या, ललितच्या लग्नात कुण्या पाहुण्याने पेला पुढे केला, तर हे भरल्या ताटावरून उठले होते. दारूच्या भांड्याला जन्मात हात लावला नाही.

आमच्याकडे खंडेनवमीला ज्याच्या-त्याच्या कामाचं हत्यार पाटावर मांडतात. ह्यांचा कोयता, ललितच्या ट्रॅक्टरची किल्ली, माझी शिवणाची कात्री. सगळी हत्यारं हे स्वतः धुतात, पुसतात, हळदकुंकू लावतात. आणि मयूरीचं हत्यार कुठलं? दहावीची कंपासपेटी! पोरगी सातासमुद्रापार नोकरी करते आणि पाटावर तिची गंजकी कंपासपेटी. ती पेटी पाहिली की दरवर्षी माझ्या डोक्यात तिडीक जायची.

यंदा अष्टमीला आल्या आल्या मयूरीने बॅगेतून एक काचेचा पेला काढला. तळाशी फुगीर, तोंडाशी निमुळता. म्हणाली, "आई, यंदा कंपास नको. मन्हा पेला ठेवा."

"तुन्हा आप्पाले इचार."

"इचारसू नही. त्यास्ना मनमा व्हयी त ठेवतीन."

बोलली हसत, पण पेला पुसताना तिची मान खाली होती. मला कळलं, यंदा पुन्हा कंपास निघाली तर ही पोर पुढच्या दसऱ्याला घरी यायची नाही. रागाने नव्हे. आपलं काम ज्या घरात लपवावं लागतं, तिथे माणूस किती वेळा येईल?

त्यात तिचं काम अर्धवट राहिलेलं. त्या बाटल्यांत सहा पिंपांचे नमुने होते; त्यातली दोन पिंपं निवडून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कळवायची होती, कारण तिकडे नाताळच्या बाटल्या भरायच्या. म्हणाली, "सकायले फोडनी देऊ नको. अगरबत्ती बी नको. मन्हं नाक बिघडी जाई."

खानदेशात बाईला फोडणी देऊ नको म्हणणं म्हणजे श्वास घेऊ नको म्हणणं! आणि अगरबत्ती नाही म्हणजे पूजाही थांबणार. ह्यांना सांगितलं. हे ओसरीवर जाऊन कोयता घासत बसले. ह्यांचं न बोलणं म्हणजे आमच्या गुऱ्हाळात चुलीवर चढवलेली रसाची काहील. उकळी कधी येईल नेम नाही.

सकाळी मयूरीने मागच्या पडवीत टेबल मांडलं. पेल्यात चमचाभर ओतायची, पेला कलता धरायची, डोळे मिटून वास घ्यायची. मग थेंब-थेंब पाणी टाकून पुन्हा वास. मग एक घोट तोंडात घोळवून शेजारच्या डब्यात थुंकायची, आणि वर कोरड्या ज्वारीच्या भाकरीचा तुकडा. हे पडवीच्या पायरीवर कोयता घासत बसले होते. तिला थुंकताना पाहून ह्यांचा कोयत्यावरचा हात थांबला.

"थुंकी टाकस?" त्यांनी विचारलं. दिवसातलं पहिलं वाक्य!

"मंग काय! पिसन निवडता येस का, आप्पा?"

हे कोयता घेऊनच जवळ सरकले. एका बाटलीला ती म्हणाली, नुसतं लाकूड लागतंय, नापास. दुसरीला ओल्या गोणपाटाचा वास, नापास. तिसरी पास, चौथी आणि सहावी नापास. शेवटाला ठेवलेल्या पाचवीचा मात्र तिने पुन्हा पुन्हा वास घेतला. मग तो पेला तिने ह्यांच्या नाकासमोर धरला. मी पदर तोंडात कोंबला. वाटलं, आता हे उठणार. पण ह्यांनी वास घेतला. लांबून, मान तिरकी करून, पण घेतला.

"काहीलना तय," हे हळूच म्हणाले. काहिलीच्या तळाला गूळ लागतो ना, तो वास.

"माले बी तोच उना. म्हनीसन ते पास."

"मंग आते ते बाकीनास्मा टाकतस का?"

"नही आप्पा. एक पीप म्हंजे एकच पीप. दुसरा थेंब पडत नही. सरनं त सरनं."

आता ह्यांची एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या गुऱ्हाळात दुसऱ्याच्या उसाचा रस चालत नाही. साखर मिसळा, रंग खुलेल म्हणणाऱ्या व्यापाऱ्याला ह्यांनी फाटकाबाहेर काढलं होतं. 'न मिसळलेलं' हा ह्यांच्या लेखी देवाचा शब्द. ह्यांनी कोयता बाजूला ठेवला आणि तो पेला नीट निरखला.

तेवढ्यात पुढच्या दारातून हाक आली. भिकुबाई, ह्यांची चुलत बहीण, माझी नणंद, आणि गावाचं वर्तमानपत्र.

"मोहिनी, व मोहिनी! इतला येळ व्हयना, तुन्हा घरमातून फोडनीना वास नही. कोन बिमार शे?" बोलत बोलत ती थेट पडवीत आली, आणि बाटल्या, पेला, थुंकीचा डबा, सगळं तिने एका नजरेत टिपलं. "अव माय! दारू? सनना दिवस आंडेर दारू पी ऱ्हायनी?" आंडेर म्हणजे लेक.

माझ्या जिभेवर अत्तर तयारच होतं. पण मयूरीचा चेहरा उतरलेला पाहिला आणि ते मी गिळून टाकलं. तोवर हेच उठून उभे राहिले.

"पी नही ऱ्हायनी, अक्का. पारखी ऱ्हायनी," हे म्हणाले. आवाज असा की शेजारच्या गोठ्यातल्या बैलानेही ऐकावं. "हाई तिन्हं काम शे. स्कॉटलंडना पिपं आठे लोणखेडामा पास-नापास व्हतस. मन्ही आंडेर करस!"

मग त्यांनी तो पेला उचलला आणि नळाकडे निघाले.

"आप्पा, मी धुवस ना," मयूरी धावली.

"सरक. हत्यार घरना मोठा मानूस धुवस."

ज्या माणसाने दारूच्या भांड्याला कधी हात लावला नाही, तो नळाखाली बसून तो पेला धूत होता. काच फुटेल म्हणून जड बोटांनी, हळूहळू. मग उपरण्याने पुसला, पाटावर कोयत्याच्या शेजारी ठेवला, हळदकुंकू लावलं. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. लपवालपवी पुष्कळ झाली होती.

कंपासपेटी त्यांनी मयूरीच्या हातात दिली.

"हाई ठेव तुन्हाजोडे," म्हणाले. "तुन्ही शाळा सरनी."

मयूरीने पेटी छातीशी धरली आणि ह्यांच्या पाया पडली.

भिकुबाई तोंडावर हात ठेवून उभी होती. "मंग आते मी गावमा काय सांगू?" तिने विचारलं.

"जे दिखनं ते सांग," हे म्हणाले, आणि अगरबत्ती पेटवायला मयूरीकडे काडेपेटी मागितली. तिने आधी दोन्ही पिंपांचे आकडे फोनवरून कळवले, आणि मगच काडी ओढली.

मी आत जाऊन गॅस लावला आणि मिरच्यांची अशी फोडणी दिली की भिकुबाई ठसकत ठसकत घरी गेली.