मोटारीचं दावं

मी एक जुनी मोटार आहे, मित्रांनो. दोन माणसं बसतील एवढीच, टप उघडा, मागचा भाग होडीसारखा निमुळता. माझ्या तरुणपणी मला लोक शर्यतीची गाडी म्हणत. आज माझ्याकडं बघून तुम्हाला ते खरं वाटणार नाही, पण तुम्ही तरी कधी काळी रांगतच होतात की! मला पहिल्यापासून एकच खोड आहे. काही नवं दिसलं की आधी विचारायचं, हे काय? हे कशानं चालतं? आतून कसं असेल? या खोडीपायी मी पुष्कळ पाहिलं, आणि एकदा फार हळहळलेही. तेच सांगते.

माझा जन्म विलायतेतला, एकोणीसशे बावीस सालचा. लाकडी खोक्यात बसून बोटीनं मुंबईला आले आणि तिथून रेल्वेच्या उघड्या वाघिणीतून सोलापूरला. वाटेत कुर्डुवाडीला आमची वाघीण अख्खा दिवस बाजूला काढून ठेवली होती. तिथल्या कारखान्यातली माणसं जेवणाच्या सुट्टीत यायची, ताडपत्री उचलून आत डोकवायची. त्यांना वाटायचं, आपण मोटार बघतोय. मी मात्र त्यांच्या भाकरीवरची शेंगाचटणी बघत होते. एवढी लाल वस्तू खाऊन ही माणसं पेट घेत नाहीत कशी, हे कोडं मला आजवर सुटलेलं नाही.

सोलापुरात मला बसवराज मालकांनी उतरवून घेतलं. सुताचा मोठा व्यापार, वय अवघं बावीस, वडील नुकतेच गेलेले. घरात आई, सावित्रम्मा. त्यांना सगळी पेठ अव्वा म्हणायची. अव्वांनी माझ्या चाकांखाली लिंबं ठेवली, पुढच्या जाळीवर विभूतीची तीन बोटं ओढली आणि विचारलं, “हिला खायाला काय घालायचं रे?”

“पेट्रोल, अव्वा,” मालक हसत म्हणाले.

“मग येळेवर घालत जा. मुकं जनावर हाय.”

जनावर! मला जरा रागच आला होता. पण मालकांच्या आधी माझ्या पोटाची काळजी अव्वांनीच केली, हेही खरं.

आठवड्याच्या आतच मी रस्त्यात बसकण मारली. अक्कलकोटच्या वाटेवर, टळटळीत उन्हात, मेंढरांच्या कळपामधोमध. तेव्हा आम्हा मोटारींच्या तोंडात पुढून लोखंडी हँडल घालून ते फिरवावं लागे, मग आम्ही जाग्या होत असू. मालकांनी हँडल फिरवून फिरवून तळहात सोलून घेतले. तेवढ्यात कळपाचा धनी पुढं आला. बिरप्पा त्याचं नाव. विशीतला धनगर, खांद्यावर घोंगडं. त्यानं गाभण मेंढीला लावावा तसा माझ्या बॉनेटला कान लावला. मला बाई गुदगुल्याच झाल्या.

“मालक, आनिक एकदा फिरवा की,” तो म्हणाला. मालकांनी फिरवलं. “हिच्या नरड्यात कायतरी अडकलंय. गिळतीया, पर खाली उतरंना.”

पेट्रोलच्या नळीतून खरोखरच कापसाचा बोळा निघाला! मालकांनी त्याला तिथंच नोकरीवर ठेवलं. मेंढरं भावाच्या स्वाधीन झाली आणि मी बिरप्पाच्या.

मग काय थाट होता माझा! बिरप्पा मला रोज पुसायचा, तेलपाणी करायचा, आणि कुणी उघड्या हातानं माझ्या पितळेला शिवलं की वस्सकन अंगावर जायचा. गड्ड्याच्या जत्रेत लोक पाळणे सोडून माझ्याभोवती गोळा व्हायचे. एकदा होटगीच्या रस्त्यावर मालकांनी रेल्वेशी पैज लावली आणि फाटक येईपर्यंत मी पुढं होते. फाटक आलं नसतं तर काय झालं असतं, ते मात्र विचारू नका.

अशी बारा वर्षं गेली. माझे सांधे खिळखिळे झाले. थंडीत वीस-वीस वेळा हँडल मारावं लागे, आणि सुरू झाले की असा धूर सोडायचे की शेजारीपाजारी खिडक्या लावून घेत. मालक आता माझ्यात बसायला लाजू लागले. बिरप्पा म्हणायचा, “वय झालंय, पर नरडं साफ हाय हिचं.” ऐकतो कोण?

एके दिवशी कळलं, मोटारींचा दलाल गुरप्पा याच्याकडं नव्या तऱ्हेची गाडी आलीय. तीही दोघांचीच, उघडी, पण बत्त्या विजेच्या, आणि नुसतं बटण दाबलं की सुरू. जुनी द्यायची, वर थोडी भर घालायची आणि नवी आणायची, असा व्यवहार ठरला. खरं सांगू? मला आधी वाईट वाटलंच नाही. माझ्या डोक्यात एकच, बटण दाबून सुरू? म्हणजे आत कोण बसलेलं असतं? कधी एकदा ती येते आणि मी तिला बघते, असं मला झालं होतं.

पण त्याच संध्याकाळी मालक बिरप्पाला म्हणाले, “नव्या गाडीला हँडल मारायला माणूस नको. चालवीन माझी मीच. तू आता गावाकडं जा. मेंढरं हायतच की तुझी.”

मेंढरं कुठली? दुष्काळात भावानं ती केव्हाच विकली होती. मागच्या अंगणातल्या खोलीत बिरप्पाची बायको मायाक्का आणि दोन लेकरं राहत होती. नोकरी गेली की खोली जाणार, आणि गावाकडं तर काहीच उरलं नव्हतं. बिरप्पा नुसतं “व्हय जी” म्हणाला. माझी सगळी उत्सुकता तिथल्या तिथं विरली. माझं जे व्हायचं ते होवो, पण याचं काय होणार, हा एकच घोर मला लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरप्पा नवी गाडी घेऊन आला. साईच्या रंगाची, अंगावर ओरखडा नाही, चाकाच्या तारा चकचकीत. आम्हाला दारात समोरासमोर उभं केलं. मी तिला खालीवर न्याहाळलं. कितीही वाईट वाटत असलं तरी डोळे थोडेच झाकता येतात?

गुरप्पा माझ्याकडं वळला तशा अव्वा पुढं झाल्या. “थांब. जनावर इकलं तरी दावं देत नसत्यात.”

मित्रांनो, आमच्या भागातली ही जुनी रीत. बैल विकला तरी विकणारा त्याचं दावं, म्हणजे बांधायचा दोर, आपल्याकडंच ठेवतो, घेणाऱ्यानं आपलं दावं आणायचं. दावं गेलं की घरची लक्ष्मीही त्याच्याबरोबर जाते म्हणतात.

“अव्वा, मोटारीला कुठलं आलंय दावं?” मालक वैतागले.

अव्वांनी बिरप्पाकडं पाहिलं. तो बोचकं बांधून पायरीवर बसला होता. “हँडल, अव्वा,” तो हळूच म्हणाला. झालं! अव्वांनी माझं हँडल उपसलं आणि नेऊन देवघरात ठेवलं. गुरप्पा मिशीतल्या मिशीत हसला. का हसला, ते मला तेव्हा कळलं नाही.

तोवर सगळी गल्ली लोटली होती. मालकांनी बटण दाबलं. गुर्र! गाडी सुरू. लोकांनी तोंडात बोटं घातली. मालकांना चेव आला. “या, या, दाबून बघा की!” मग काय विचारता! गाडी बंद करायची, नवा माणूस पुढं यायचा, बटण दाबायचा. म्हातारेकोतारे तर आधी बटणाला नमस्कार करायचे. बिरप्पा सगळं बघत होता. असं सारखं बटण दाबलं की विजेची पेटी, म्हणजे बॅटरी, उतरते, हे गुरप्पाच्या दुकानात त्यानं आधीच विचारून घेतलं होतं. पण ज्याला कालच जा म्हटलं, त्यानं कुठल्या तोंडानं सांगावं? पन्नासेक लोकांचं दर्शन झालं आणि बटणातून नुसतं ‘खट्’ आलं. पुन्हा दाबलं. पुन्हा खट्.

“दृष्ट लागली गं बाई!” म्हणत अव्वा मीठमिरच्या आणायला धावल्या.

मालकांनी सीट उचकटली. असल्या गाड्यांनाही अडीनडीला एक हँडल देतात, पण जागा रिकामी होती. गुरप्पा घाम पुसत म्हणाला, “मालक, ते मी दुकानात ठिवून आलोय. दावंच की ते बी!”

हात्तिच्या! दोघांनीही एकमेकांना दावं दिलं नव्हतं. आता नवी चालेना आणि जुनी हलेना.

“तुझं दावं आण आधी,” अव्वा म्हणाल्या.

“आनि माझा धंदा बसला म्हंजे? तुमी द्या की तुमचं.”

“मी का म्हणून देऊ? लक्ष्मी काय जड झालीया?”

गल्ली पोट धरून हसत होती, मालकांचा चेहरा मात्र रडकुंडीला आला होता.

तेव्हा बिरप्पा उठला. त्यानं आपल्या बोचक्याचा दोर सोडला. माझं मागचं एक चाक जॅकवर चढवलं, बाकीच्यांना पुढून-मागून दगड लावले आणि दोर त्या उचललेल्या चाकाला गुंडाळला. “मालक, हिच्यात बसा. मी म्हनंन तसं करायचं.” आणि मालक मुकाट्यानं बसले! “वरचा गियर टाका. क्लच सोडा. आता थांबा.” त्यानं असा दोर ओढला की चाक गरकन फिरलं. एकदा. दोनदा. माझ्या छातीत काही हलेना. मी मनात म्हटलं, बाई, आयुष्यात एकदा तरी या माणसासाठी जागी हो. तिसऱ्या हिसक्याला मी खोकले, शिंकले आणि धडधडायला लागले!

मग बिरप्पानं तोच दोर तिहेरी करून नवीला माझ्यामागं बांधलं. मालक तिच्यात, तो माझ्यात. मी धापा टाकत तिला वीसेक हात ओढलं असेल, तोच तीही गुरगुरली. एवढी नवीकोरी गाडी, पण तिला पहिलं पाऊल टाकायला मी लावलं, याचा मला अजून गर्व आहे.

मालक खाली उतरले. सगळ्यांदेखत म्हणाले, “बिरप्पा, चुकलं माझं. बोचकं आत ठेव. मायाक्काला सांग, खोली सोडायची नाही.”

बिरप्पानं मान फिरवली आणि पागोट्याच्या शेवानं डोळे पुसले. मला हायसं वाटलं, आणि त्याच क्षणी वाईटही वाटलं. कारण तो इथं राहणार, म्हणजे माझ्याबरोबर येणार नव्हता.

“हिला तेवढं पोचवून येतो,” तो म्हणाला. अव्वांनी देवघरातून हँडल आणून त्याच्या हातात दिलं. “ज्यानं चारापाणी केलं, दावं त्याचं. तूच ठेव.”

गुरप्पाच्या पत्र्याच्या छपरात बिरप्पानं मला उभं केलं आणि हँडल त्याच्यापुढं धरलं.

गुरप्पा दचकला. “अरं, लक्ष्मी जाईल की तुझी!”

“जाऊ द्या. दाव्याबिगर जनावर पाण्यावर कसं न्याल तुमी? ऐका. हिला पैलं दोनदा अर्धंच फिरवायचं. मग दम घिऊ द्यायचा. तिसऱ्यांदा जोर लावायचा. मारमार करू नगा, रुसती ती.” त्यानं ते गुरप्पाकडून दोनदा म्हणवून घेतलं. मग मला बंद केलं, आणि मागं न बघता पायी निघून गेला.

आता मी केम नावाच्या गावी असते. धोंडीराम नावाच्या बागायतदाराच्या विहिरीवर माझं इंजिन पाणी उपसतं. चाकं केव्हाच गेली. रोज सकाळी धोंडीराम मला दोनदा अर्धं फिरवतो, दम घेऊ देतो, मग जोर लावतो. मला विकताना गुरप्पानं त्याला हे सांगितलं. बिरप्पाचं नावही त्याला ठाऊक नाही.

मित्रांनो, जुनं देऊन नवं खुशाल घ्या, मी अडवणार नाही. मलाही नव्याचं वेड आहेच. पण वस्तू देताना तिला कसं वागवायचं तेही घेणाऱ्याला सांगा. आणि तिला सांभाळणाऱ्या माणसाला तिच्याबरोबर दाराबाहेर काढू नका. मी लोखंडाची आहे, मला विहिरीच्या काठावरही चालतं. बिरप्पाला लेकरं होती.