करकरणारी पायरी

लार्कफील्ड कंपनीत मी सात वर्षं तक्रारींचे फोन घेत होते. अमेरिकेच्या इंडियाना राज्यात, आमच्या गोशेन गावच्या आसपास दर तिसरा माणूस ट्रेलर बनवतो, म्हणजे गाडीमागं ओढत न्यायची चाकांवरची घरं. माझा नवरा मर्ल त्याच कारखान्यात दारं बसवायचा. दिवसाचे ठरलेले नग पुरे झाले की त्यांना सुट्टी, त्यामुळे ती माणसं अक्षरशः धावत काम करायची आणि दुपारी दीडला घरी यायची. मी पाचला.

छत गळतं, फ्रिज चालत नाही, बाहेर सरकणारी भिंत अर्ध्यातच अडकते, असल्याच तक्रारी दिवसभर. आयोवातल्या एका गृहस्थांनी तर गळणाऱ्या छताखाली बादली ठेवली आणि फोन तिच्याजवळ धरून मला टपटप ऐकवली. मी ऐकायचे, लिहून घ्यायचे आणि शेवटी तक्रारीवर एक शेरा लिहायचे: दुरुस्ती, देखभाल किंवा सुरक्षा. ‘सुरक्षा’ फार क्वचित.

ओपल रिगिन्सचा पहिला फोन एप्रिलमध्ये आला. ही बाई तीस वर्षं शाळेत स्वयंपाकीण होती. निवृत्त झाल्यावर तिनं आणि तिच्या नवऱ्यानं घर विकून आमचा ट्रेलर घेतला होता आणि दोघं इंडियानाच्या दक्षिण टोकाला, पटोका तळ्याकाठच्या कॅम्पात राहत होती.

“पोरी, तुमची पायरी माझ्याशी बोलते,” ती म्हणाली.

“काय म्हणते?”

“करकरते. रोज सकाळी, मी पाय ठेवला की. आता मी काही हलकी नाही, पण म्हणून पायरीनं तोंडावर सांगावं?”

मला हसू आलं. समोरच्या कागदावर उत्तर छापलेलंच होतं. पायरीचे स्क्रू दर दोन महिन्यांनी घट्ट करावेत. मी ते वाचून दाखवलं.

“डेल्मरला सांगते. हातात स्क्रूड्रायव्हर दिला की त्याचा अख्खा दिवस छान जातो. आणि माझाही, कारण तो बाहेर असतो.”

मे महिन्यात तिनं पुन्हा फोन केला. स्क्रू नुसते गोल फिरतात, पकडच घेत नाहीत. त्याच आठवड्यात आणखी तिघांनी तेच सांगितलं होतं. संध्याकाळी, आमच्याकडच्या रीतीप्रमाणं, बटाट्याच्या लगद्यावर नूडल्स वाढताना मी मर्लला विचारलं, “दाराच्या उंबऱ्याखाली जाड लाकडी पट्टी असते ना? पायरीचे स्क्रू त्यातच जातात ना?”

“असायची,” तो म्हणाला.

“म्हणजे?”

त्यानं काटा खाली ठेवला. “फेब्रुवारीत पट्ट्या आल्याच नाहीत. काम थांबवायचं नाही म्हणून वरून निरोप आला. नुसत्या पातळ प्लायमध्ये स्क्रू मारले.”

“किती दिवस?”

“सातआठ आठवडे. मी विचारलं होतं त्यांना, नाही असं नाही.” मग जरा थांबून म्हणाला, “कार्लीन, हे इथंच राहू दे. आपल्या दोघांचे पगार एकाच दारातून येतात.”

तरी दुसऱ्या दिवशी मी ब्रेंट कुल्पकडे गेले. ब्रेंट आमच्या विभागाचा प्रमुख, माझ्याहून बारा वर्षांनी लहान, बोलायला गोड. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

“किती तक्रारी आहेत?”

“चार.”

“चार हजार ट्रेलरांत चार.” तो हसला. “कार्लीन, तू ‘सुरक्षा’ लिहिलंस की तो कागद सरकारकडे जायची वाट मोकळी होते. मग पाच दिवसांत त्यांना कळवा, सगळे ट्रेलर परत मागवा. चार करकरणाऱ्या पायऱ्यांसाठी? ‘देखभाल’ लिही. पुढच्या तिमाहीत बघू.”

मी ‘देखभाल’ लिहिलं. कुणी हात धरून लिहायला लावलं नव्हतं. चौघांच्या नावापुढं, एकेक करून लिहिलं.

जुलैत ओपलचा फोन आला तो तक्रारीचा नव्हताच. डेल्मरनं मोठे स्क्रू आणून, लाकडाचा गोंद भरून पायरी पक्की केली होती. “आता गप्प बसलीय,” ती म्हणाली. “मी तिला बजावलंय, पुन्हा तोंड उघडलंस तर माझ्याशी गाठ आहे. विक्रेत्याकडे दुरुस्तीसाठी नंबर लावलाय, पण तो म्हणतो ऑक्टोबर. तूच सांग, चालेल ना तोवर?”

मला सगळं ठाऊक होतं. गोंद लावायला मागं लाकूडच नाही, हे ठाऊक होतं. त्या पायरीवर पाय ठेवू नका, बाहेर एखादा भक्कम ठोकळा ठेवा, एवढं वाक्य बोलायला किती वेळ लागतो? पण आमचे फोन ध्वनिमुद्रित होत होते, आणि काचेपलीकडे ब्रेंट बसलेला होता.

“जपून उतरा,” मी म्हणाले.

“जपूनच उतरते गं. या वयात दुसरं काय करणार!”

सप्टेंबरच्या अठरा तारखेला त्याच नंबरवरून पुरुषाचा आवाज आला. डेल्मर रिगिन्स. सावकाश, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखा बोलत होता. ओपल सकाळी शेजारणीला घरी भाजलेली गरम बिस्किटं द्यायला निघाली होती. पायरी तिच्या पायाखालून निघून आली. खुब्याचं हाड मोडलं होतं, त्याची शस्त्रक्रिया झाली.

“आता कशा आहेत?” मी विचारलं.

“छातीत कफ झालाय. तिचं मन रमेना, म्हणून तिनंच सांगितलं, त्या कार्लीनला फोन करून कळव. ती ऐकून घेते म्हणाली.”

त्या दिवशी मी कुणालाही न विचारता ‘सुरक्षा’ लिहिलं. ओपल त्यानंतर अकरा दिवसांनी गेली. मला ते कळलं ते कंपनीच्या वकिलानं आमच्या विभागाला पाठवलेल्या पत्रावरून.

मग मात्र सगळं भराभर हललं. ऑक्टोबरमध्ये कंपनीनं चार हजार ट्रेलर परत मागवत असल्याचं जाहीर केलं. परत मागवायचं म्हणजे कुणी ट्रेलर घेऊन यायचं नसतं. मालकाला पत्र जातं आणि जवळचा कारागीर येऊन उंबऱ्याखाली लोखंडी पट्टी ठोकून जातो. पत्रांचा गठ्ठा माझ्या टेबलावरून गेला. त्यासोबत सरकारला पाठवलेल्या निवेदनाची प्रत होती. त्यात लिहिलं होतं, हा दोष कंपनीच्या प्रथम लक्षात आला तो अठरा सप्टेंबरला.

गठ्ठ्यात एक पत्र ‘श्रीमती ओपल रिगिन्स’ या नावानं होतं. ट्रेलर तिच्या नावावर होता. ते बाजूला काढायचं माझ्या ध्यानात येईपर्यंत टपाल गेलं होतं.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी मी मर्लला बहिणीकडे जाते असं सांगून पाच तास गाडी चालवत पटोकाला गेले. कॅम्प जवळजवळ रिकामा झाला होता. डेल्मर ट्रेलरमध्येच होता. उंच, वाकलेला म्हातारा, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. मी नाव सांगितल्यावर त्यानं दार पूर्ण उघडलं.

“आवाजावरून मला तू तरुण वाटली होतीस,” तो म्हणाला. “ये आत. कॉफी सकाळची आहे.”

टेबलावर कंपनीचं पत्र उघडं पडलं होतं. नवी पायरी बसवून झाली होती.

“कारागीर येऊन गेला?”

“मंगळवारी. वीस मिनिटं लागली त्याला.” त्यानं कप माझ्यापुढं सरकवला. मग स्वतःचे हात बघत बसला. “तुला एक विचारायचं होतं. तू म्हणाली होतीस, स्क्रू घट्ट करा. मी केले. पण मला वाटतं मी जास्तच पिळले. लाकूड खाल्लं गेलं असणार. ती म्हणत होती कुणाला तरी बोलावू. मी म्हटलं, चार स्क्रूंसाठी कशाला कुणी?” त्यानं हात टेबलाखाली घेतले. “एक्केचाळीस वर्षं मी ट्रॅक्टर दुरुस्त केले, आणि घरची एक पायरी मला धड बसवता आली नाही.”

मी कबुली द्यायला गेले होते. वाटेत शब्द जुळवले होते. पण हा माणूस दोन महिने स्वतःलाच दोषी धरून बसला असेल, हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

“मिस्टर रिगिन्स, तुमचं काही चुकलं नाही. मागं लाकूडच नव्हतं. पट्टी बसवलेलीच नव्हती. तुम्ही काहीही केलं असतं तरी ते स्क्रू धरले नसते.”

त्याचे खांदे जरा सैल झालेले मला दिसले. मग त्यानं मान वर केली.

“हे तुला कधी कळलं?”

“मे महिन्यात.”

“या मे महिन्यात?”

“हो.”

“ती जुलैत बोलली होती तुझ्याशी. मी इथंच बसलो होतो. फोन ठेवल्यावर म्हणाली, ती पोरगी म्हणते जपून उतरा, बाकी काही नाही.” तो उभा राहिला. टेबलाला धरून उभा राहिला. “आणखी कुणाला सांगितलंस हे?”

“मे महिन्यात आमच्या साहेबाला. बाहेर कुणालाच नाही.”

“मग मला सांगायला कशाला आलीस? मला सांगून तुला बरं वाटावं म्हणून?”

मी कप बाजूला सरकवला.

“जा तू,” तो म्हणाला. आवाज चढवला नाही. “कॉफी राहू दे. जा.”

सोमवारी सकाळी, ब्रेंट यायच्या आत, एप्रिलपासूनच्या सगळ्या तक्रारी मी छापून काढल्या. सप्टेंबरपर्यंत चाराच्या सतरा झाल्या होत्या. प्रत्येकीवर तारीख, आणि प्रत्येकीखाली माझं नाव. सोबत पत्र लिहिलं. मे महिन्यात मी कुणाला काय सांगितलं, त्यानं काय उत्तर दिलं आणि मी काय लिहिलं. पट्ट्यांबद्दल कुणाकडून कळलं ते मात्र लिहिलं नाही. सगळं सरकारच्या वाहनसुरक्षा कचेरीला पाठवलं.

मर्लला मी त्याच संध्याकाळी सांगितलं. तो ओरडला नाही. “मी विचारलं होतं त्यांना,” एवढंच पुन्हा म्हणाला आणि गॅरेजमध्ये जाऊन बसला.

चौकशी वर्षभर चालली. कंपनीनं निवेदनातली तारीख बदलून मे महिन्यातली केली आणि दंड भरला. चूक कबूल केली नाही. हंगामी कपात म्हणून सातजणांना काढलं, त्यात मी होते. ब्रेंटला शेजारच्या गावात दुसऱ्या कारखान्यानं घेतलं, वरच्या जागेवर. मर्लला कुणी काढलं नाही, पण जेवणाच्या सुट्टीत त्याच्याशेजारी कुणी बसेना. वसंतात तो स्वतःच सोडून एका सुताराकडे कपाटं करायला लागला. आम्ही दोघं पूर्वीपेक्षा कमी बोलतो.

बदललेल्या निवेदनाची प्रत मी डेल्मरला पाठवली. ती परत आली. कॅम्पच्या कचेरीत फोन केला तेव्हा तिथली बाई म्हणाली, ते ट्रेलर विकून बहिणीकडे गेले, इव्हान्सव्हिलला. पत्ता तिला देता येत नव्हता, पण निरोप द्यायला ती तयार होती.

“काय सांगू त्यांना?”

तारीख आता खरी लिहिलीय, असं सांगा, मी म्हणाले. तिनं लिहून घेतलं आणि माझं नाव विचारलं. मी ते अक्षर-अक्षर सांगितलं. डेल्मरचा फोन आला नाही. येईल असं मला वाटतही नाही.