बेसिनच्या पाण्यावरचा पालक

मी पालक. मागच्या दाराशी भिंतीलगत जो अरुंद वाफा आहे ना, तिथला. जरा संथ बोललो तर सांभाळून घ्या. गेले वीसेक दिवस मी अर्धवट झोपेत आहे.

मला पेरलं घरच्या बाईंनी. गल्ली त्यांना सिस्टर म्हणते. बत्तीस वर्षं रुग्णालयात काढलेली बाई. बी पेरलं तेही पट्टी लावल्यासारखं सरळ. पाणी वाया गेलेलं त्यांना खपत नाही. प्लंबरच्या मागे लागून त्यांनी बेसिनचा पाइप थेट माझ्या वाफ्यात सोडवून घेतला. हात-तोंड धुतलेल्या त्या पाण्यावर मी मजेत वाढलो.

त्यांच्या यजमानांना फिट्स यायच्या. गेल्या महिन्यात ते गेले आणि गोळ्यांचा डबा भरलेला राहिला. वॉर्डातला नियम असा, की उरलेली गोळी कचऱ्यात टाकायची नाही, पोराबाळांच्या हाती लागते. म्हणून सिस्टर रोज सकाळी एक पाकीट फोडायच्या, गोळ्या विरघळवून बेसिनमध्ये सोडायच्या. सगळ्या एकदम का नाही? यजमानांना गोळी द्यायच्या वेळेला हात सवयीनं डब्याकडे जायचा, म्हणून.

ते पाणी मी प्यायलो. काय सांगू, अशी गुंगी आली की वारा कापसातून गाळून आल्यासारखा वाटायचा. पानावर बसलेलं फुलपाखरू उडालं, हे कळेपर्यंत दुपार व्हायची. ते औषध डोक्यातलं वादळ निववायचं. माझ्यात वादळच नव्हतं. पाणी उन्हात उडून जाई, औषध पानांच्या कडांशी साचून राही. कडा करपल्या. सांगायला माझ्याकडे तेवढंच होतं.

"उन्हानं झालंय," म्हणत सिस्टरनी कडा खुडल्या. लेक आईकडे राहायला आली होती, सातवा महिना. तिला हिरव्या भाज्या भरपूर खायला सांगितलेल्या. हे ऐकलं आणि झोपेतही मी घाबरलो. पोटातल्या जिवाला ते औषध बाधेल की नाही, मला काय कळणार? पण कुणी न मागितलेलं औषध त्याच्यापर्यंत जाणार होतं, आणि ते माझ्या पानांतून.

सिस्टरनी मला कापलं, जुडी बांधली. लेक पायरीवर बसली होती.

"आई, बाबांच्या गोळ्या दिसत नाहीत. दुकानात परत दिल्यास का?"

"छे गं. विरघळवून बेसिनमध्ये सोडल्या. आज संपल्या."

"आणि बेसिनचं पाणी?"

सिस्टरनी माझी करपलेली कड बोटांत धरली, रोग्याची नाडी पाहावी तशी. मग हळूच तिच्याशेजारी बसल्या.

"बत्तीस वर्षं हेच केलं मी," त्या म्हणाल्या. "वॉर्डातलं बेसिन कुठे जात होतं, कधी विचारलंच नाही बघ."

मग उठून त्यांनी वाफ्यात उरलेली माझी मुळंही उपटली.

आता मी मुळासकट एका बांधलेल्या पिशवीत आहे. वर सिस्टरच्या टपोऱ्या अक्षरांत लिहिलंय, 'खाऊ नये'. पाइपही काढलाय. तुमच्या डब्यात गोळ्या उरल्या असतील तर औषधवाल्याला विचारा, पण पाण्यात सोडू नका. पाणी कुणाच्या ना कुणाच्या मुळाशी जातंच.

मला आता गाढ झोप येतेय. बाळ मात्र टकमक बघत येऊ दे.